ज्या घरचा डबा आला नाही

तोंडाला रुमाल बांधायची सवय मला पस्तीस वर्षांची,
पिठापायी.
गावाला ती या माघात लागली,
तीही पुरती नाही:
नाक उघडं, हनुवटी झाकलेली.

शिवारभर हळद शिजत होती.
कढईच्या वाफेत सगळ्यांचेच डोळे लाल,
सगळ्यांचाच घसा बसलेला,
म्हणून पहिले चार दिवस
तापाला कुणी ताप म्हणलंच नाही.
"धूर लागलाय, मैनोद्दीनभाई, दुसरं काय?"

पण गिरणीला कळतं.
दर सोमवारी पायलीभर ज्वारी दळणारं घर
एकाएकी शेरभर तांदूळ भरडून मागतं, पेजेला,
तिथं कुणीतरी आडवं झालंय.
आणि ज्या घरचा डबा बुधवार उलटला तरी आला नाही
तिथं चूल पेटवणारीच आडवी.

मी हे कालिंदाला सांगितलं, आमच्या आशाताईला.
उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर
तिनं घरं लिहून घेतली. पुढच्या पानावरचीच बरीचशी.
म्हणाली, "चाचा, त्या कॅप्सूल
दोन दिवसांच्या आत पोटात गेल्या तर खरा गुण.
पुढं एकेक दिवस महाग."

डॉक्टर येतात मंगळवारी.
वसमतची गाडी दिवसातून दोनदा, कधी एकदाच.
उपकेंद्राच्या कपाटाची किल्ली तालुक्याला.
ताप मात्र कधीही येतो.
हे गणित मी बोटानं, पिठात, मांडून पाहिलं.
जुळलं नाही.

मग कालिंदा फोनवर भांडली. कुणाकुणाशी, ते मला माहीत नाही,
गिरणीच्या आवाजात मला तिचे फक्त हात दिसत होते.
तिसऱ्या दिवशी गाडीच्या कंडक्टरनं
एक खोकं तिच्या हातात दिलं, पोचपावतीवर सही घेतली.
डॉक्टर फोनवर विचारायचे, नर्सबाई तपासायच्या,
आणि ती रात्री बॅटरी घेऊन निघायची,
पोटुशी बाई आधी, म्हातारा आधी, धाप लागलेलं लेकरू आधी.
तांड्यावर जाताना कुत्री मागं लागायची
म्हणून माझी एक काठी नेली, अजून दिली नाही.

माझ्याकडून एवढंच झालं:
माणसांची रांग मोडली, डब्यांची लावली.
झाकणावर खडूनं नाव, ओट्यावर ठेवा, घरी जा.
नातू अल्तमश हातगाडी घेऊन
दारात पीठ ठेवायचा, हाळी द्यायचा,
आणि चार पावलं मागं सरकायचा.
बायका म्हणाल्या, "कामून असं, आम्ही काय परके झालो?"
गिरणीत गप्पा राहिल्या नाहीत.
नुसती पट्ट्याची थपथप.

सत्वशीलाच्या घरचा डबा मात्र वेळेवर येत होता.
गजू आणायचा, नऊ वर्षांचा, डोक्यावर, दोन्ही हातांनी धरून.
डबा येतोय म्हणजे घर उभं आहे,
असं माझ्या हिशेबानं धरलं.
पोराला मी एकदाही विचारलं नाही,
डबा भरून कोण देतं?

चौथ्या खेपेला तो खोकला.
पाटीला धरून, वाकून,
असा की घरघरीतही मला ऐकू आला.
मी पट्टा पाडला. अर्ध्या दळणात गिरणी बंद केली,
वडिलांच्या वेळेपासून कधी केली नव्हती.
त्या शांततेत विचारलं, "माय कुठंय रे?"
तो म्हणाला, "निजलीय.
सोमवारधरून."

पुढचं कालिंदाचं: धावणं, गाडी, नांदेड.
उशीर झाला होता, तरी औषध सुरू केलंच तिथं.
गजूला आणि म्हातारीला त्याच रात्री पहिली कॅप्सूल गेली.

आता डबा कुणीही आणो,
पट्टा चढवायच्या आधी मी विचारतो:
घरी आज कोण कोण उठलंय?
लोक हसतात. हसोत.

सत्वशीला होळी झाल्यावर आली, स्वतः, डबा कडेवर घेऊन.
हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.
ओट्यावर टेकली, दम घेतला,
आणि मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.
बोलली.
"त्या दिवशीचं पीठ लई जाड आलं होतं, चाचा.
भाकर थापली नसती गेली."